एडवर्डसिएला हा जीवाणू माशाच्या पेशीत शिरतो तरी कसा: प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४

पहाटे पाचला निघून बार्शी तालुक्यातल्या एका शेततळ्यावर जाऊन आलो. मी आणि लॅबमधले काका. तळ्यात पंगास सोडलाय. गेल्या आठवड्यापासून रोज पाच-सात मासे वर येतायत. पोट फुगलेलं, गुदद्वार लालभडक आणि बाहेर आलेलं, परांच्या मुळाशी रक्ताचे ठिपके. तळ्याचे मालक दादा म्हणाले, "ताई, थंडीत ह्यांनी कधी त्रास दिला नाही. खात नव्हते, पण मरतही नव्हते. ऊन तापलं आणि सुरू झालं."

एक मासा अजून कल्ले हलवत होता, तोच घेतला. स्पिरिटने पुसून पोटाला चीर दिली तर आधी पिवळसर पाणी आलं आणि पाठोपाठ सडक्या अंड्यांचा वास. काका चार पावलं मागे सरकले. यकृत फिकट, मूत्रपिंड सुजलेलं, त्यावर तिळाएवढे पांढरे ठिपके. मूत्रपिंड आणि यकृतात तारेचा लूप बुडवून तिथेच जीवाणू वाढवायच्या प्लेटवर रेघा ओढल्या.

निघताना दादांनी विचारलं, "हा जंतू माशात शिरतो कसा?" मी म्हटलं, कल्ल्यातून, आतड्यातून, कातडीला जखम असेल तर तिथून. ते म्हणाले, "ते झालं माशात. पण आत गेल्यावर धरतो कशाला?" प्रश्न माझ्या प्रोजेक्टच्या प्रस्तावापेक्षा नीट मांडला होता.

१७ ऑक्टोबर

एसएस अगार ह्या माध्यमाच्या प्लेटवर बारीक कॉलन्या (जीवाणूंचे पुंजके), मधोमध काळा ठिपका. टीएसआय ह्या चाचणी-माध्यमाच्या नळीचा तळ काळाकुट्ट, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड भरपूर. तळ्यावरचा वास काही अंशी तरी ह्याचाच. काळ्या मध्याच्या कॉलन्या साल्मोनेला हा आतड्याचा जंतूही देतो, म्हणून इंडोल चाचणी केली: लाल कडं आलं. साल्मोनेला बाद. एडवर्डसिएला.

पीसीआर करून प्रजाती ठरवली: पिसिसिडा. ह्या नावाचा गोंधळ इथेच लिहून ठेवते, पुढे दहा वेळा नडणार आहे. वंशाला नाव मिळालं १९६५ मध्ये, फिलिप एडवर्ड्स ह्या अमेरिकन जीवाणुशास्त्रज्ञावरून. प्रजाती टार्डा, म्हणजे मंद, कारण बऱ्याच शर्करांना हा हातच लावत नाही. माशांतले सगळे टार्डाच म्हणायचे. २०१३ मध्ये माशांतले बरेचसे वेगळे काढून पिसिसिडा अशी नवी प्रजाती केली. त्यामुळे २०१३ च्या आधीच्या पेपरात टार्डा लिहिलेलं असलं तरी पुष्कळदा तो आपलाच असतो.

२८ ऑक्टोबर

माझ्या मार्गदर्शक मॅडमसोबत बैठक. प्रस्तावाचं शीर्षक "माशाच्या पेशीत प्रवेशासाठी लागणारी जनुके". मॅडमनी एकच प्रश्न केला: "प्रवेशासाठीच लागणारी, हे कशावरून ठरवणार?"

मी १९८५ चा इसबर्ग आणि फाल्को यांचा प्रयोग सांगितला. मला तो अजूनही जादूसारखा वाटतो. प्रयोगशाळेतला गरीब ई. कोलाय, के-१२, आयुष्यात कधी कुठल्या पेशीत न शिरलेला. त्याला येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस ह्या पेशीत शिरणाऱ्या जंतूच्या डीएनएचा एक तुकडा दिला आणि तो प्राण्यांच्या पेशींत शिरायला लागला. त्या तुकड्यावर एक जनुक, नाव आयएनव्ही. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या इंटेग्रिन ह्या प्रथिनाला चिकटतं आणि पेशी जीवाणूभोवती आपलं आवरण चेन लावावी तसं ओढून घेते. साल्मोनेलाची तऱ्हा वेगळी. तो लांबून सुई खुपसतो, सुईतून प्रथिनं पेशीत सोडतो, पेशीचा पृष्ठभाग उसळतो आणि त्या उसळीत तो आत ओढला जातो. ही सुई म्हणजे टाइप-३ स्रावयंत्रणा. लॅबमध्ये आम्ही नुसतं टी-थ्री म्हणतो.

एडवर्डसिएलाकडेही टी-थ्री आहे. माझा अंदाज सरळ होता: सुई मोडली की प्रवेश थांबेल. मॅडम हसल्या, काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की फाल्कोंनीच १९८८ मध्ये घालून दिलेला नियम पाळ. जनुक काढलं की गुण जायला हवा, परत घातलं की गुण परत यायला हवा. दोन्ही दाखवलं नाहीस तर मी सही करणार नाही.

११ नोव्हेंबर

दिवाळीहून परत. ईपीसी पेशी (प्रयोगशाळेत वाढवायची माशाची पेशीमालिका) वितळवल्या. तिसऱ्या दिवशी फ्लास्कच्या तळाला छान बसल्या आहेत, फरशीच्या तुकड्यांसारख्या एकमेकींना लागून.

प्रगती अहवालात मी लिहिलं होतं "कॉमन कार्पच्या ईपीसी पेशी". मॅडमनी लाल पेनने खोडलं. ही पेशीमालिका १९८३ मध्ये कार्पची म्हणून जगाला मिळाली, नावातलं "सी" सुद्धा सिप्रिनीचं, आणि २०१० मध्ये डीएनए तपासल्यावर कळलं की ह्या फॅटहेड मिनो नावाच्या उत्तर अमेरिकेतल्या बोटभर माशाच्या पेशी आहेत. सत्तावीस वर्षं लोकांनी कार्प म्हणून पेपर लिहिले. आपला पंगास ह्या दोघांचाही जवळचा नातेवाईक नाही, हे मनात ठेवायचं.

पेशी २५ अंशांवर वाढतात. लॅबमध्ये त्यांच्यासाठी वेगळा इनक्युबेटर आहे. बाकी सगळ्या जीवाणूंसाठी सामायिक मोठा. (ह्या ओळीखाली जानेवारीत लाल रेघ मारली.)

२१ नोव्हेंबर

जेंटामायसिन पद्धत बसवली. कल्पना साधी आहे. पेशींवर जीवाणू सोडायचे, एका पेशीमागे दहा. तासभर थांबायचं. मग जेंटामायसिन घालायचं. हे औषध प्राण्यांच्या पेशीत सहजी शिरत नाही, त्यामुळे बाहेरचे सगळे मरतात, आत लपलेले वाचतात. नंतर औषध धुऊन काढायचं, ट्रायटन एक्स-१०० ह्या साबणासारख्या द्रावाने पेशी फोडायच्या आणि जे बाहेर येतील ते प्लेटवर मोजायचे.

दोन दिवस फक्त औषधाची मात्रा तपासण्यात गेले. आपल्या जीवाणूवर १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर तासाभरात पुरतं. शेवटच्या धुण्याचं पाणीसुद्धा प्लेटवर टाकलं. पहिल्या दिवशी त्यातून ११ कॉलन्या आल्या, म्हणजे माझं धुणंच कच्चं. पेशी ठेवलेल्या खळग्याच्या कडेला पिपेट लावून, पेशी न उचलता, तीनदा धुवायचं. आज शून्य.

२ ते १९ डिसेंबर

जनुक काढण्याचं काम. एकत्रच लिहिते, रोज लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं.

निवडलं ईएसआरबी हे जनुक. हे सुईचा भाग नाही, सुईचा मुकादम आहे. हा नसला की सुईची आणि सुईतून जाणाऱ्या प्रथिनांची जनुकं चालूच होत नाहीत. सुई मोडायची तर मुकादमालाच घरी पाठवायचा, एका दगडात सगळे पक्षी. (हेही नंतर अंगाशी आलं.)

जनुकाच्या दोन्ही बाजूंचे तुकडे जोडून पीआरई-११२ प्लाझ्मिडमध्ये (डीएनएच्या छोट्या कड्यात) बसवले. हे प्लाझ्मिड एडवर्डसिएलात स्वतःहून टिकत नाही, गुणसूत्रात जाऊन बसलं तरच वाचतं. ते पोचवायला ई. कोलाय दाता. दोघांना एका प्लेटवर रात्रभर एकत्र ठेवलं, मग दात्याला काढून टाकायचं. त्यासाठी कॉलिस्टिन. एडवर्डसिएला जन्मजात कॉलिस्टिनला दाद देत नाही, ई. कोलाय मरतो. मत्स्यपालनात हे औषध वापरायला भारतात २०१९ पासून बंदी आहे, योग्यच आहे, कारण माणसासाठी ते शेवटच्या फळीतलं. पण प्लेटवर ह्या कामाला त्याच्यासारखं दुसरं नाही.

नंतर साखरेची चाळणी. प्लाझ्मिडवर सॅकबी नावाचं जनुक असतं, ते असलेला जीवाणू १० टक्के साखरेच्या, मीठ नसलेल्या प्लेटवर मरतो. जो वाचतो त्याने प्लाझ्मिड बाहेर फेकलेलं असतं, आणि फेकताना एकतर मूळ जनुक परत मिळवलेलं असतं किंवा आपण दिलेलं कापलेलं. पहिल्या खेपेला ४० कॉलन्या तपासल्या, चाळीसच्या चाळीस मूळ रूपात परतलेल्या. दुसऱ्या खेपेला जेलच्या तेविसाव्या खाचेत आखूड बँड, म्हणजे जनुक कापलेलं. मी जेल डॉकसमोर एकटीच ओरडले, काका धावत आले, त्यांना वाटलं शॉक लागला.

ईएसआरबी परत घालण्यासाठी पीएसीवायसी-१८४ ह्या दुसऱ्या प्लाझ्मिडवर पूर्ण जनुक चढवलं. तर आता तीन नळ्या: रानटी (मूळ जीवाणू), वजा (जनुक काढलेला), आणि वजा-अधिक (काढून परत घातलेला).

६ जानेवारी २०२५

पहिला खरा प्रयोग. रानटीच्या प्लेटवर ४१, ३८, ४४. वजाच्या ३७, ४६, ४०. विरलन दोन्हींचं सारखंच. म्हणजे काहीच फरक नाही.

तीन महिन्यांचं काम आणि सुई मोडलेला जीवाणू बिनदिक्कत आत जातोय.

९ जानेवारी

मॅडम म्हणाल्या, आधी सुई खरंच मोडली आहे का ते बघ. पीसीआरने जनुक गेलं हे दाखवलं, पण यंत्रणा बंद आहे हे कुठे दाखवलंस?

ह्याला एक सोपी, डोळ्यांनी दिसणारी चाचणी आहे. सुईच्या टोकाकडचं एक प्रथिन, ईएसईबी, जीवाणूच्या अंगावर धागे काढतं. डीएमईएम ह्या माध्यमात जीवाणू न हलवता वाढवला की ह्या धाग्यांनी ते एकमेकांना धरतात आणि नळीच्या तळाशी गुठळ्या होऊन बसतात. वर माध्यम स्वच्छ. सुई बंद असेल तर नळी सगळीकडे सारखी गढूळ.

रात्रभर ठेवलं. सकाळी: वजा गढूळ, बरोबर. रानटी... तोही गढूळ. वजा-अधिकही.

नळ्यांची अदलाबदल? साठ्यातच भेसळ? रानटी परत एसएस अगारवर ओढला.

१० जानेवारी

काळा मध्य, इंडोल लाल. भेसळ नाही.

दुपारी मॅडम आल्या, नळ्या बघितल्या आणि विचारलं, "कुठे ठेवल्या होत्यास?"

"इनक्युबेटरमध्ये."

"कुठल्या?"

मोठ्या. सामायिक. ज्याच्या दारावर कुणीतरी मार्करने "३७, हात लावू नये" लिहून ठेवलंय आणि मी गेल्या पाच वर्षांत एकदाही लावलेला नाही. वैद्यकीय मायक्रोबायोलॉजी शिकून आलेल्यांची हीच खोड. जीवाणू म्हटलं की हात आपोआप ३७ कडे जातो, कारण आपण माणसाचे जंतू शिकलो. मासा ३७ अंशांचा नसतो. मी रात्रभराची कल्चरं आजवर सगळी ३७ वरच वाढवत होते, फक्त पेशींवर सोडल्यानंतर २५ वर आणत होते.

मॅडमनी २०१० चा सिंगापूरच्या गटाचा पेपर काढून दिला. एडवर्डसिएलाच्या अंगात फोक्यू नावाचं एक प्रथिन आहे, आवरणात बसलेलं. तापमान बदललं की त्याचा आकार बदलतो. २३ ते ३५ अंशांत ते जागं असतं, जोडीदार फोपीला उठवतं, फोपी ईएसआरबीला, आणि मग सुई बनते. २० किंवा त्याखाली बंद, ३७ किंवा त्यावर बंद. म्हणजे मी रानटीला हातपाय बांधून शर्यतीत उतरवत होते आणि वजा त्याच्याबरोबर धावतोय म्हणून आश्चर्य करत होते.

संध्याकाळी दादांना सहज फोन केला. म्हणाले, थंडी पडल्यापासून मर थांबलीय, सकाळी तळ्याचं पाणी १९ अंश आहे, आम्हीच दिलेल्या थर्मामीटरने मोजलेलं. आता एका जनुकावरून सगळं तळं समजलं असं मला म्हणायचं नाही. उन्हात पाण्यातला प्राणवायू उतरतो, उरलेलं खाद्य सडतं, मासे दाटीने असतात, हे सगळं आहेच. तरी फोन ठेवल्यावर १९ हा आकडा वहीत गोल करून ठेवला.

१४ जानेवारी

संक्रांत. काकांनी सगळ्यांना तिळगूळ दिला, लॅबच्या दाराबाहेर, आत खायचं नाही म्हणून.

२५ अंशांवर ठेवलेल्या नळ्या बघितल्या. रानटी: वर पाण्यासारखं निवळ माध्यम, तळाशी पांढऱ्या भुरकट कण्या, फाटलेल्या दुधात दिसतात तशा. नळी हळूच तिरकी केली तर कण्या घसरत खाली जातात, विरघळत नाहीत. वजा: सगळी नळी सारखी धुरकट. वजा-अधिक: कण्या परत, जरा बारीक. फोटो काढला, मागे काळा कागद धरून. सुई मोडलीय, आणि परत जोडताही येते. नियमाचा हा भाग झाला.

२२ जानेवारी

प्रयोग परत, ह्या वेळी सगळं २५ वर, डीएमईएममध्ये वाढवून. कण्या असल्यामुळे मोजणीत गडबड होऊ नये म्हणून पेशींवर टाकण्याआधी पिपेटने फोडून, ओडी (गढूळपणाचं माप) जुळवून घेतले.

रानटी ३५, ४२, ३९. वजा ९२, ८७, १०४.

फरक दिसला. पण उलटा! सुई नसलेला दुपटीहून जास्त आत जातोय. नळ्यांवरची लेबलं तीनदा वाचली.

३ फेब्रुवारी

स्वतःवरच विश्वास नव्हता म्हणून लॅबमधल्या ज्युनिअरला नळ्यांना अ, ब, क अशी नावं द्यायला सांगितली, उत्तर तिच्याच पाकिटात. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन प्रयोग. आज पाकीट उघडलं. जास्त जाणारा तिन्ही वेळा वजाच. जनुक परत घातलं की आकडा खाली येतो, अगदी रानटीइतका नाही, पण येतो.

फाल्कोंचा नियम पुरा झाला, फक्त मला हवा होता त्याच्या विरुद्ध दिशेने.

५ फेब्रुवारी

वाचन. हे ऑक्टोबरमध्ये करायला हवं होतं, इथे कबूल करून टाकते. २००५ मध्ये सिंगापूरच्याच गटाने टी-थ्रीची जनुकं एकेक करून मोडली होती. ईपीसी पेशींना चिकटणं आणि आत जाणं ह्यांत सुईचे बाकी भाग मोडलेले जीवाणू रानटीसारखेच निघाले. ईएसआरए आणि ईएसआरबी हे दोन मुकादम काढले तेव्हा तर दोन्ही वाढलं. आणि तरीही हे सगळे जीवाणू माशात दुबळे ठरले. कारण माशाच्या भक्षक पेशींत (जंतू गिळून मारणाऱ्या पेशींत) गेल्यावर ते हळू वाढत होते.

मॅडम ऑक्टोबरमध्ये का हसल्या ते आज कळलं.

चूक माझ्या तुलनेत होती. साल्मोनेलाकडे एक नाही, दोन सुया आहेत, गुणसूत्राच्या दोन वेगळ्या भागांवर. पहिली आत शिरायला. दुसरी आत गेल्यावर, ज्या पिशवीत तो अडकतो तिथे तग धरायला. एडवर्डसिएलाची सुई जनुकांच्या मांडणीत ह्या दुसरीशी जुळते. मी दुसरीकडून पहिलीचं काम मागत बसले होते. कुलपाला किल्ली लागत नाही म्हणून किल्ली घासत राहावं आणि ती किल्ली आतल्या कपाटाची निघावी, तसं झालं.

मग वजा जास्त का जातो? ह्याचा एक धागा मिळालाय. सुईतून जाणारं ईएसईजे नावाचं एक प्रथिन दोन नोकऱ्या करतं. जीवाणूच्या अंगात असताना ते चिकटण्याच्या केसांना, टाइप-१ फिम्ब्रियांना, दाबून ठेवतं. माशाच्या पेशीत पोचल्यावर तेच तिथल्या जहाल ऑक्सिजन-रेणूंचा मारा कमी करतं आणि जीवाणूला वाढू देतं. आमच्या वजात मुकादमच नाही, म्हणून ईएसईजेही नसणार, म्हणून केस मोकळे, म्हणून चिकटणं जास्त, म्हणून शिरणं जास्त. चार "म्हणून" झाले, त्यातला एकही मी स्वतः तपासलेला नाही.

१३ फेब्रुवारी

प्रवेशात पेशीचा हात किती, ते बघायला सायटोकलासिन-डी. हे पेशीच्या ॲक्टिनचे धागे बनू देत नाही. ॲक्टिन नाही तर पेशीला आवरण ओढून घेता येत नाही. ह्या जीवाणूवर आणि ह्याच पेशींवर असा प्रयोग २००० सालीच झालेला आहे, त्यात प्रवेश घटला होता. मला तो वजावरही घटतो का ते बघायचं होतं.

घटला. रानटी आणि वजा, दोघांच्याही प्लेटवर मोजून चार-पाच कॉलन्या. आनंदाने मॅडमना दाखवलं. त्यांनी विचारलं, "नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल कुठे आहे?" औषध डीएमएसओत विरघळवलेलं. डीएमएसओनेच पेशी बिघडल्या नाहीत हे मी कशावरून म्हणते?

नव्हता लावला. शनिवार गेला.

१५ फेब्रुवारी

कंट्रोलसकट परत केलं. नुसत्या डीएमएसओत प्रवेश नेहमीसारखा, औषधात बंद, दोघांचाही. तर सुई असो नसो, आत जायला पेशीचं ॲक्टिन लागतंच. जीवाणू दार फोडत नाही, पेशीकडून उघडून घेतो. कशाने, हा प्रश्न मात्र आता सुईवरून केसांवर गेलाय.

२४ फेब्रुवारी

भक्षक पेशी काढायचा पहिला दिवस. माशाला हाडांत मज्जा नसते. आपल्याकडे मज्जेत होतं ते काम त्याच्या मूत्रपिंडाचा पुढचा भाग करतो, त्याला हेड किडनी म्हणतात. टाकीतल्या निरोगी पंगासला लवंग तेलात शांत केलं. सबंध लॅबला दातांच्या दवाखान्याचा वास. कल्ल्यांच्या मागे, पाठीच्या कण्याला चिकटलेला गडद लाल, लिबलिबीत भाग असतो. चिमट्याने धरला की तुटतो, म्हणून चमच्यासारख्या चपट्या टोकाने खरवडून घ्यावा लागतो. जाळीतून दाबून गाळला, पर्कोल ह्या दाट द्रावाच्या दोन थरांवर अलगद सोडला, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला. दोन थरांच्या मध्ये धुक्यासारखी पांढरी पट्टी आली. त्याच आपल्या पेशी. पिपेटचं टोक तिथे नेताना श्वास रोखला गेला.

संध्याकाळी साडेचारला लाइट गेली. जनरेटर सुरू व्हायला लागलेल्या मिनिटांत सेंट्रिफ्यूज थांबलं, दुसऱ्या माशाची पट्टी विस्कटली. एका माशावर काम भागवलं.

३ मार्च

इथे जेंटामायसिनचा हिशोब बदलावा लागतो. भक्षक पेशी आजूबाजूचं पाणी पीत असतात, तासन्‌तास औषध ठेवलं तर तेही आत जातं आणि आपण "आत मेला" असं चुकून लिहितो. म्हणून पहिला तास १००, पुढे १० मायक्रोग्रॅम.

दोन तासांनी मोजले: वजा जास्त, रानटी कमी, ईपीसीसारखंच. पाच तासांनी जवळपास सारखे. आठ तासांनी रानटी दोन तासांच्या चौपट. वजा होता तिथेच, किंबहुना जरा खाली. वजा-अधिक मधोमध.

आलेख काढला तेव्हा दोन रेघा पाच तासांच्या आसपास एकमेकींना छेदून गेल्या. ऑक्टोबरपासून मी फक्त त्या छेदाच्या डाव्या बाजूला उभी राहून बघत होते.

५ मार्च

गीम्सा रंग दिलेल्या स्लाइड बघितल्या. आठ तासांच्या रानटीत एका भक्षक पेशीच्या पोटात पिशवी, पिशवीत ठासून भरलेले आखूड दांडके, केंद्रक बाजूला ढकललेलं. मी अकरा मोजले, पुढे एकावर एक होते. वजाच्या स्लाइडवर पेशीत एखाद-दुसरा, फिकट. तेलाच्या लेन्सखाली दोन तास गेले, मान आखडली.

दादांना आता सांगता येईल असं उत्तर: शिरायला ह्याला फार कष्ट पडत नाहीत. मारायला आलेल्या पेशीतच घर करतो, त्याची खरी कमाई तिथे आहे.

११ मार्च

मॅडमनी शीर्षकातला "प्रवेशासाठी" हा शब्द पेन्सिलने वर्तुळात घातलाय आणि समोर प्रश्नचिन्ह. खोडलेला नाही. कारण प्रवेशाचं जनुक अजून हातात नाही. ईएसआरबी ते नाही, एवढंच दाखवलं.

पुढची पायरी केसांची. फिम्ब्रियांचं मुख्य प्रथिन फिमए, ते काढायचं: एकदा रानटीतून, एकदा वजातून. वजातून फिमए काढल्यावर त्याचा जास्तीचा प्रवेश उतरला, तर त्या चार "म्हणून"मधला निदान एक उभा राहील. नाही उतरला तर ईएसईजेची गोष्ट इथे लागू नाही आणि परत शोधाशोध.

आणखी एक खटकतंय. प्रवेशाचं बहुतेक काम बोटभर मिनोच्या पेशींवर आणि एकाच तळ्यातल्या एकाच जीवाणूवर. पंगासच्या आतड्याच्या किंवा कल्ल्याच्या पेशींची मालिका मिळते का ते विचारायचं.

१७ मार्च

धुळवडीची सुट्टी संपली, हातांना अजून थोडा रंग आहे, दुहेरी ग्लोव्ह घातले.

सकाळी दादांचा फोन. पाणी २८ वर गेलंय, काल दोन मासे वर आले. मेलेले लगेच काढून चुना टाकून पुरा, विहिरीकडे नेऊ नका, खाद्य निम्मं करा आणि एरेटर रात्रीही चालू ठेवा असं सांगितलं. एखादा मासा अजून धडपडत असेल तर त्याला बर्फात न घालता पाण्यातच ठेवा, उद्या पहाटे येतो. काकांनी डबे धुऊन ठेवलेत.

फिमएच्या प्लाझ्मिडसाठी दात्याला आणि रानटीला एका प्लेटवर सोडलं. कॉलिस्टिनच्या प्लेटा ओतून झाल्या. इनक्युबेटर २८. थर्मामीटर आत ठेवून अर्ध्या तासाने परत बघितला, २८च आहे.